पंचवीस घरांचा चौकोन

"दोरा इतका आवळू नका," शालन म्हणाली. "पुढच्या ओळीत सुई शिरायची कुठून?"

मी हात थांबवला. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसली होती आणि तिच्या उजव्या हाताला स्टुलावर मी. माझ्या हातात तिची क्रोशाची सुई होती. एकोणतीस वर्षांच्या संसारात ती सुई मी कधी हाताळली नव्हती. बोटांना घाम येत होता आणि त्या घामाने पांढरा दोरा मळकट झाला होता. शहात्तर साखळ्या घालायच्या होत्या, आणखी दोन वळणासाठी. मी दोनदा घातल्या होत्या आणि दोन्ही वेळा तिने त्या उसवायला लावल्या होत्या.

"तुमचा कारखाना नाही हा. इथं दोऱ्यावर जोर करायचा नसतो."

मी पुन्हा पहिल्या साखळीपासून सुरुवात केली.

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षे ग्राफमास्तर होतो. चादरीवर जी नक्षी उमटते ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा, आणि भरलेली चौकट म्हणजे उचललेला धागा. माझ्या ग्राफवरून व्यंकटेश चिप्पा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायचा, त्या पट्ट्या मागावर चढायच्या आणि खाली चादर उतरायची. मागाला मी स्वतः कधी हात लावला नाही. टेबल, दिवा, टोक काढलेली पेन्सिल एवढेच माझे काम.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात शालनच्या डाव्या अंगावरून वारे गेले. दवाखान्यात अठरा दिवस काढून तिला घरी आणले, तेव्हा ती बोलत होती, माणसे ओळखत होती, हिशेबाने उत्तरे देत होती. पण डावा हात निकामी झाला होता आणि डावा पाय ओढावा लागत होता. मुलगी उज्ज्वला पुण्याहून येऊन महिनाभर राहिली. तिचे बाळ लहान होते, ती परत गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघेच. तिला उठवणे, न्हाणीत नेणे, तेल चोळणे, हाताचे व्यायाम, स्वयंपाक, धुणे आणि पुन्हा उठवणे. मार्च उजाडेपर्यंत मी उभ्याउभ्या झोपू लागलो होतो. दूध करपल्याचा वास आला की मला कळायचे, डोळे मिटले होते.

रजा कधीच संपली होती. मंगळवारी चिप्पा निरोप घेऊन आला. मालकांनी माझे टेबल आजवर रिकामे ठेवले होते, पण आता ग्राफ काढायचा संगणक येणार होता. सोमवारी मी हजर झालो तर मला तो शिकवला जाणार होता. नाही तर दुसरा माणूस ठरलेला होता. चिप्पा हे सगळे खाली बघून सांगत होता. मी पन्नाशी ओलांडलेली होती. त्या टेबलाखेरीज मला दुसरे काही येत नव्हते हे त्यालाही माहीत होते आणि मालकांनाही.

तो गेल्यावर शालन म्हणाली की मी जावे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, त्यात काय अवघड आहे? काठी घेऊन ती न्हाणीपर्यंत जाते, चहा स्वतः करते, कुकर लावते. मी म्हटले, एकटीला ठेवून कसे जायचे. काही झाले तर? हात चालत नाही हे तिने मान्य केले, पाय ओढतो हेही केले.

"पण डोकं चालतंय ना माझं? का त्याचीही शंका आहे तुम्हाला?"

डॉक्टरांनी डोके शाबूत असल्याचे सांगितले होते. तरी रात्रंदिवस सोबत राहणाऱ्याला काहीतरी खटकत असते, आणि काय खटकते ते सांगता येत नाही.

"मग परीक्षा घ्या," ती म्हणाली. "चार दिवस आहेत. मी तुम्हाला जाळीचा क्रोशा शिकवते. एक लहान चौकोन, पंचवीस घरांचा. ग्राफ माझा, हात तुमचे. तो नीट उतरला तर माझं डोकं ठीक आहे असं समजायचं आणि सोमवारी कामावर जायचं."

शालनने लग्नाआधीपासून क्रोशा केला होता. आमच्या पेठेतल्या निम्म्या मुलींच्या रुखवतात तिच्याकडून शिकून विणलेले रुमाल मांडले गेले होते. शेजारणी म्हणायच्या, हिला डोळे मिटून नुसता रुमाल चाचपायला द्या, चुकलेला टाका सांगेल. तिने मांडलेली परीक्षा सोपी नव्हती. मी लगेच हो म्हणालो. मला ती पास व्हायला हवी होती.

माझ्याच ग्राफच्या वहीतला एक कागद तिने मागून घेतला. पंचवीस चौकटी रुंद आणि पंचवीस उंच अशी चौकट मी आखून दिली. तिने वही मांडीवर ठेवली, पेन्सिलने एकेका चौकटीत फुली मारत कमळ काढले आणि कागद मला दिला. कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात कडेची पट्टी आणि पाकळ्या होत्या, मधोमध देठ होता आणि डावीकडचा भाग कोरा होता.

मी कागद पाहिला आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. आमच्या धंद्यात असेच काढतात. नक्षी दोन्हीकडे सारखी असेल तर ग्राफमास्तर अर्धाच ग्राफ काढतो. उरलेला अर्धा भाग मागाची बांधणी उलटा करून देते. पूर्ण काढणे म्हणजे नवशिकेपणा. मला उलट बरे वाटले. इतकी वर्षे माझे काम बघून हिने ते उचलले, असे मनात आले. तिला मी तसे बोलून दाखवले नाही. आमच्यात अशा गोष्टी बोलायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या खेपेला साखळ्या मान्य झाल्या. मग तिने खांब शिकवला. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई साखळीत घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि दोन-दोन फासांतून बाहेर काढायचा. दोन साखळ्या आणि एक खांब म्हणजे रिकामे घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की भरलेले घर. ओळ संपली की वीण उलटवायची आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे निघायचे. एवढेच शास्त्र. कागदावर ते मला एका दमात समजले. बोटांना समजायला दुपार लागली.

पहिली ओळ सगळी भरीव होती. ती संपायला दीड तास गेला.

"एवढ्या वेळात माझी मावशी तोरण संपवायची," शालन म्हणाली. "आणि ती एका डोळ्याने आंधळी होती."

"तिला माझ्यासारखा नवरा सांभाळायला नव्हता."

"होता की. तुमच्यापेक्षा जास्त कुरकुरायचा."

बऱ्याच महिन्यांनी ती हसली होती. हसताना पदर डाव्या खांद्यावरून घसरला, तिला ते जाणवले नाही. मी उठून तो सारखा केला.

गुरुवारी सात ओळी झाल्या, शुक्रवारी आठ. तिचा स्वयंपाकही आम्ही त्या काळातच तपासला. सकाळी ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून आमटी करायची आणि मी दारात उभा राहून बघायचो. आमटी चांगली व्हायची. जेवताना मात्र ती चटणी आणि लिंबाची फोड तशीच टाकायची, कोशिंबिरीलाही शिवायची नाही. डाव्या बाजूचे सगळे ताटात राहायचे. मी विचारले तेव्हा म्हणाली, वाढलीतच कुठे? मला वाटले, आजाराने तिच्या तोंडाची चव गेली आहे आणि ते तिला कबूल करायचे नाही. मग मी ते वाढणे बंद केले. धुवायच्या वाट्या तेवढ्या कमी झाल्या.

शिकवताना ती कडक होती. ओळीच्या सुरुवातीला माझा खांब वाकडा पडला की तिचे बोट लगेच तिथे यायचे आणि ती उसवायला सांगायची. ओळ अर्धी झाली की मात्र तिचे टोकणे थांबायचे. मी समजत असे की सुरुवातीला हात अवघडतो आणि नंतर मोकळा होतो. शेवटचा खांब घालायला मी वरचेवर विसरायचो, ते मलाच घरे मोजताना कळायचे आणि मीच दुरुस्त करायचो. मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता.

शुक्रवारी संध्याकाळी उज्ज्वलाचा शेजारच्या घरी फोन आला. मी तिला सांगितले की सोमवारपासून मी कामावर जातो आहे. मग तिने विचारले, आई खरंच एकटी राहू शकेल का, बाबा? मी म्हणालो, तिचे डोके माझ्यापेक्षा चांगले चालते, तिने मला क्रोशा शिकवला. उज्ज्वला हसली. फोन ठेवल्यावर मी तिथेच पायरीवर दहा मिनिटे बसून राहिलो. सोमवारी सकाळी आठ वाजता मी टेबलापाशी बसेन, दिवा लावेन आणि संध्याकाळपर्यंत कोणीही मला हाक मारणार नाही, एवढाच विचार मी करत होतो. मला नोकरी हवी होती हे खरे. पण त्याहून जास्त मला ते टेबल हवे होते.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी शेवटची ओळ संपली. दोरा कापून मी टोक आत ओवले. चौकोन वितीपेक्षा लहान होता, कडेला किंचित ओढलेला. पण मध्ये कमळ होते, दोन्ही बाजूंनी उमललेले. शालनने तो उजव्या हातात घेतला, अंगठ्याने उजव्या कडेपासून मधल्या देठापर्यंत चाचपला आणि म्हणाली, "नीट आलाय. आता जा तुम्ही."

रविवारी सकाळी चिप्पा उत्तर न्यायला आला. त्याने बसतानाच चौकोन पाहिला आणि माझी यथेच्छ चेष्टा केली. मास्तर आता कारखान्यात कशाला येताय, बायकांचा वर्ग काढा की ओ, असे म्हणाला. शालन खुशीत होती. मी कसा पुन्हा पुन्हा उसवत बसलो होतो ते तिने त्याला रंगवून सांगितले. मग तिच्या सांगण्यावरून मी ग्राफचा कागदही त्याच्यापुढे ठेवला. वीस वर्षे तो ग्राफ वाचून भोके पाडत आला होता; कागद हातात आला की त्याची नजर आपोआप ओळी मोजू लागायची.

"वहिनी, कारखान्याची सवय तुम्हालाबी लागली की," तो म्हणाला. "अर्धाच काढलाय."

"अर्धा कसा? पूर्ण आहे."

"बरं, पूर्ण तर पूर्ण." तो माझ्याकडे बघून हसला.

शालनला ते हसणे आवडले नाही. तिने कागद ओढून घेतला आणि त्यावर बोट ठेवले. "ही वरची पाकळी. ही तिच्याखालची. ही आडवी, आणि हा देठ. मी काढलं तसंच ह्यांनी विणलं. अर्धं काय आहे त्यात?"

तिचे बोट देठावर येऊन थांबले होते. त्याच्या पलीकडे बारा घरांची कोरी जागा होती आणि तिची नजर तिकडे गेलीच नव्हती.

मी तिच्या मांडीवरचा कागद उचलला, वरची बाजू खाली करून फिरवला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला. आता फुल्या डावीकडे आल्या होत्या.

तिने पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "कोरा कागद कशाला दाखवताय?"

चिप्पाला वाटले, आमचे नवरा-बायकोचे काही चालले आहे. तो बशीतून चहा पीत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र चार महिने एकदम सरकून गेले. ताटात उरलेली चटणी, घसरलेला पदर, ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या चुका, ज्या तिने एकदाही दाखवल्या नाहीत. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या आजाराचे नाव सांगितले आणि समजावले, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. ते नाव आता माझ्या लक्षात नाही. त्या सकाळी मला एवढेच कळले की तिने काटकसरीने अर्धा ग्राफ काढला नव्हता. तिने पूर्ण कमळ काढले होते, आणि उरलेले अर्धे मी माझ्या सवयीने भरून टाकले होते.

"मग मालकांना काय सांगू, मास्तर?" चिप्पाने विचारले.

त्याला काही समजले नव्हते. तिलाही समजले नव्हते. जे समजले होते ते फक्त मला, आणि उद्या सोमवार होता.

"येतो म्हणून सांग," मी म्हणालो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी घाबरून किंवा गोंधळून तसे म्हणालो नाही. मला सगळे दिसत होते आणि तरी मी ते म्हणालो. ओट्यावरची शेगडी दिसत होती, न्हाणीची पायरी दिसत होती; आणि त्यांच्यापुढे ते टेबल दिसत होते.

चिप्पाचा चेहरा मोकळा झाला. त्याने कपबशी खाली ठेवली आणि तो उठला. शालन खुर्चीत ताठ बसली. उजव्या हातातला चौकोन तिने जरा वर धरला.

"बघा," ती चिप्पाला म्हणाली. "माझ्या डोक्याची परीक्षा घेत होते हे."

त्या एका शब्दाने माझे अवसान गेले. ती किती खात्रीने म्हणत होती, बघा. मी स्टूल पुढे ओढून तिच्यासमोर बसलो, चौकोन तिच्या मांडीवर पसरला आणि तिचे उजवे बोट माझ्या हातात धरून देठावर ठेवले. तिथून ते हळूहळू डावीकडे नेऊ लागलो. रिकामे घर, रिकामे घर, मग भरीव.

तिचे बोट थबकले. "हे काय?"

"पाकळी."

मी बोट पुढे नेले. दुसरी पाकळी, मग तिसरी आडवी, मग कडेची भरीव पट्टी. बोटाबरोबर तिची मान थोडी थोडी वळत गेली.

"ह्या कधी घातल्यात तुम्ही?"

"पहिल्यापासून आहेत. तुझ्या शेजारी बसून घातल्या."

मी हात सोडला, तरी तिचे बोट त्या पट्टीवर फिरत राहिले. विणलेल्या वस्तूपुढे तिला कोणी फसवू शकत नव्हते. बोटाला जे लागत होते ते तिथे होते. आणि ते तिथे होते, तर ते तिला दिसले का नव्हते, हे तिचे तीच जुळवत होती. चिप्पा दाराशी उभा होता, एक चप्पल घातलेली आणि एक हातात.

"परवा गॅसचा वास येत होता," ती अखेर म्हणाली. "तुम्ही म्हणालात, सिलिंडर नवं आहे म्हणून."

"हो."

"बटण कुठलं उघडं होतं?"

मी ओट्याकडे पाहिले. शेगडीचे डावे बटण मीच बंद केले होते, आणि माझ्याच हातून राहिले असेल असे तेव्हा धरून चाललो होतो.

तिने मान हलवली. चेहऱ्यावर काही नव्हते. नुसती थकलेली दिसत होती, बाजारातून जड पिशव्या घेऊन आलेल्या बाईसारखी. मग तिने चिप्पाकडे तोंड केले.

"भाऊजी, मालकांना सांगा, हे येणार नाहीत."

चिप्पाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. तो दुसरी चप्पल पायात घालून निघून गेला.

त्याची सायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंतचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मी कपबशा उचलल्या, धुऊन पालथ्या घातल्या. परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती.

"तुम्हाला जायचं होतं ना?" तिने विचारले.

खोटे बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "होतं."

"मलाही तुम्ही जायला हवं होतं," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत कोणी माझ्याकडे टक लावून बघणार नाही, असं वाटलं होतं."

राग आला नाही, वाईटही वाटले नाही. चार महिने आम्ही दोघे एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि ती एकमेकांपासून लपवत होतो. मी स्टूल उचलले, तिच्या खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो आणि तिथे टेकलो. तिच्या लेखी मी खोलीतून नाहीसा झालो होतो. तिने दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे.

"गेलात का कुठं?"

मी हूं की चूं केले नाही. तिची मान पुन्हा खिडकीपाशी आली आणि तिथे अडली. मी गुडघ्यांवर हात ठेवून, तिच्याकडे न बघता बसून राहिलो. घाईचे काही उरले नव्हते.